बसायचं नाही

९ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, "तुमच्या गुडघ्यातली गादी फाटलेली दिसते." मी म्हटलं, "हरकत नाही, साइटवर दुसरी आहे." ते माझ्याकडे बघतच राहिले आणि बायकोला हसू आवरेना. आमच्या धंद्यात गादी म्हणजे गुडघ्याखाली घ्यायचा स्पंजचा तुकडा. हाडांच्या मधेही एक गादी असते हे सेहेचाळीस वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी कागदावर काढून दाखवलं. चित्र वाईट होतं, पण समजलं. वर मांडीचं हाड, खाली नडगीचं, आणि मधे रबरासारख्या दोन चंद्रकोरी, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. वजन पेलायचं आणि हाडाला हाड घासू द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. माझ्या डाव्या गुडघ्यातली आतली फाटली असावी. नक्की काय ते एमआरआय काढल्यावर कळेल. तोवर रोज संध्याकाळी वहीत लिहायचं: दुखणं दहापैकी किती, सूज किती, गुडघा कधी अडकला. बायको कपडे अल्टर करते, तिची एक जुनी वही घेतली आहे. पहिल्या चार पानांवर कोणाकोणाच्या कमरेची मापं आहेत.

दुखणं ६.

झालं असं. मंगळवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये उकिडवा बसलो होतो. दादाने मागून कापलेली फरशी पुढे केली, ती घ्यायला मी वळलो. धड वळलं, पाऊल जागच्या जागी. आत टक असा आवाज झाला. तो दादालाही ऐकू गेला. "हलू नकोस," तो म्हणाला. मी म्हटलं, "काही झालेलं नाही," आणि आणखी दोन ओळी बसवल्या. दुसऱ्या दिवशी गुडघा टम्म. आता पाय पूर्ण सरळ होत नाही, मधेच काहीतरी आड येतं.

आमच्या कामाला दोन माणसं लागतात, एक बसता आणि एक उभा. बसता माणूस गुडघ्यांवर बसून फरशी लावतो. उभा माणूस मापं घेतो, कटरवर कापतो, माल कालवतो, हातात आणून देतो. "आज कोण बसलंय?" असं साइटवर कोणी विचारलं तर फरशी कोण लावतंय एवढाच त्याचा अर्थ. आमच्यात मी बसता आणि दादा, माझा मोठा भाऊ, उभा. सव्वीस वर्षं हेच. एकदा मी म्हटलं होतं, आज जरा तू बस. तर म्हणे, "माझा हात कापण्यातच बसलाय." हात कसला डोंबलाचा, अंग राखायची सवय!

११ फेब्रुवारी

दुखणं ५. जिन्यात गुडघा अडकला. चार पायऱ्या उतरलो आणि पाचवीवर उभाच. खालून पोस्टमन येत होता, त्याला वाटलं मी त्याचीच वाट बघतोय. मला दोन पत्रं देऊन गेला, दोन्ही शेजाऱ्यांची.

१४ फेब्रुवारी

दुखणं ६. एमआरआय आला. गादी काठालगत लांब फाटली आहे आणि फाटलेली पट्टी बादलीच्या कडीसारखी उलटून सांध्याच्या मधे आली आहे, म्हणून अडकतो. औषधाने किंवा शेकून ती जागेवर जाणार नाही. ऑपरेशन करायचं, दोन बारीक भोकं पाडून, कॅमेरा आत घालून. प्रश्न एवढाच की आत जाऊन काय करायचं.

एक, फाटलेली पट्टी कापून काढायची. दीड-दोन महिन्यांत कामावर. पण गेलेली गादी परत येत नाही, आणि माझ्यासारख्या गुडघ्यांवर जगणाऱ्या माणसाचा सांधा मग लवकर झिजतो. दुसरं, शिवायची. मग कुबड्या, पट्टा, व्यायाम, आणि सहा महिने गुडघ्यांवर किंवा उकिडवं बसायचं नाही. एवढं करून टाका सुटणार नाही याची खात्री नाही, काही जणांचा सुटतो.

माझं उत्तर तयार होतं. काढा. आमच्या दादाचीही काढली होती, उजव्या गुडघ्यातली. मी तेव्हा दुसऱ्या गावी वसतिगृहात होतो, पत्राने कळलं. गडी तीन आठवड्यांत कामावर! आजही दिवसभर उभा असतो, कधी गुडघ्याचं नाव काढत नाही. याहून मोठा पुरावा काय हवा? मी हे डॉक्टरांना सांगितलंही. ते म्हणाले, "ते भाऊ काय काम करतात?" मी म्हटलं, "माझंच. आम्ही दोघं मिळून."

बायको मधेच बोलली, "काठाजवळ फाटलीय ना? मग शिवायची. कापड काठाशी उसवलं तर टाका धरतं. मधे विरलेलं असलं तर नाही धरत." डॉक्टर खूश. म्हणाले, अगदी बरोबर, गादीच्या काठापर्यंतच रक्त पोचतं, तिथलं भरून येतं, आतल्या भागाचं येत नाही. दोघांची चांगली जमली. गुडघा कोणाचा हे विसरले होते.

१६ फेब्रुवारी

दुखणं ४, डोकं मात्र ठणकतंय.

संध्याकाळी दादा आला. मी म्हटलं, काढून टाकतो, एप्रिलमध्ये हॉल पुरा करू. तो खुर्चीत पाय लांब करून बसला होता. म्हणाला, "शिवून घे."

"सहा महिने?"

"लागू देत."

हा माणूस! अर्धा दिवस रजा मागितली तर तोंड एवढंसं करणारा. मी म्हटलं, वाचनालयाचं काय, मे अखेरीला उद्घाटन आहे. म्हणाला, "काम थांबवू. ग्रंथपाल बाईंशी मी बोलतो." मी म्हटलं, थांबवायचं काय कारण, तुझं काढलं तेव्हा तू थांबलास का? तर एकदम उठला. नेहमीसारखा, खुर्चीच्या हातावर जोर देऊन, आधी एक पाय मग दुसरा. "तू काढून घेतलंस तर मी तुझ्याबरोबर काम करणार नाही. बाकी तुझी मर्जी," म्हणाला आणि गेला.

याची ही जुनी पद्धत. मी आराखडे काढायच्या कोर्सला होतो, तीन वर्षांचा, नंबरही चांगला. वडील गेल्यापासून घर दादाच चालवायचा. मी दुसऱ्या वर्षाला असताना एक दिवस वसतिगृहावर येऊन उभा राहिला. "सामान बांध. आता तू बस, मी कापतो." का म्हणून विचारलं तर, "मला माणूस हवाय." बास. तेव्हा मी वीस वर्षांचा. त्याला दुसरा माणूस मिळत नव्हता की काय? आज बांधकामाच्या ऑफिसात टेबलाशी बसलो असतो, गुडघा शाबूत राहिला असता.

त्या दीड वर्षाचा उपयोग मात्र मी करून घेतला. कुठल्याही खोलीची फरशी आधी कागदावर मांडतो, एक एक तुकडा मोजून. वाचनालयाचं काम त्या कागदावरच मिळालं. काळा काठ, कोपऱ्यांत वळणारी नक्षी, मधे पांढरं. बाई कागद बघून म्हणाल्या, "हे असंच होणार ना?" मी म्हटलं, रेघ हलणार नाही.

बायको म्हणते, "दादांना तुमची काळजी आहे." काळजी! मला घरी बसवून मोठं काम दुसऱ्या कोणाबरोबर उरकायचं असेल. पण तो एकदा नाही म्हणाला की नाहीच. शिवून घेतो. उद्या सही करणार.

२३ फेब्रुवारी

काल झालं. टाके पाच, आतल्या आत. डॉक्टर म्हणाले पट्टी छान जागेवर बसली. मी म्हटलं, तिला तरी बसायला परवानगी आहे. नर्स हसली, बरं वाटलं.

दुखणं ७. मांडीपासून पोटरीपर्यंत सळ्यांचा पट्टा, दोन कुबड्या. संडासाला जायचं म्हणजे मोहीम.

२७ फेब्रुवारी

५. बर्फ, पाय उशीवर, परत बर्फ.

५ मार्च

दुखणं ४. फिजिओथेरपिस्ट बाई सुरू झाल्या. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आणि दया नावाला नाही. मी तिचं नाव हेडमास्तरीण ठेवलं आहे. पाय सरळ ठेवून मांडी घट्ट करायची, दहा मोजायचे, सोडायची. मग टाच गादीवरून घसरत आणायची, पण काटकोनाच्या पुढे गुडघा वाकवायचा नाही. मांडी घट्टच होईना. माझी मांडी, आणि माझं ऐकत नाही! ती म्हणाली, सुजलेला गुडघा मांडीला झोपवतो, तिला रोज उठवावं लागतं.

डॉक्टर म्हणतात घरी बसून राहा. हेडमास्तरीण म्हणते बसायचं नाही. मी म्हटलं दोघं आधी एकमेकांत ठरवा. तिला कळलं नाही, मग समजावून सांगितलं की आमच्यात बसणं म्हणजे काय. तिने माझ्या फाइलवर लाल पेनाने लिहिलं: बसायचं नाही.

१३ मार्च

दुखणं २. चीड ९.

सकाळी अकरा वाजता दादाला फोन केला. काम बंद आहे, पण माणूस निदान भावाची चौकशी करील, तर तेही नाही, मीच केला. म्हटलं, काय करतोस? म्हणाला, "बसलोय." भर अकरा वाजता! मी इथे मांडी घट्ट करून घामाघूम आणि हा आरामात बसलाय. मागे रबरी हातोड्याची ठकठक ऐकू येत होती. म्हटलं, हा कसला आवाज? म्हणे, शेजारी काम चाललंय. आणि मग, "तुझं वाकणं किती झालं?" मी म्हटलं, ऐंशी अंश. म्हणाला, "घाई करू नकोस," आणि ठेवून दिला.

ही ठकठक मला आवडलेली नाही. हातोडा बसतोय तो खाली माल चांगला भरलेल्या फरशीवर. हात कोणाचा तरी सवयीचा आहे, पण हळू चालतोय.

२० मार्च

२. वहिनी आली होती. दादाच्या दोन पँटी बायकोकडे ठिगळाला दिल्या. ती गेल्यावर बायको पँट उलटीपालटी करून बघत होती. "गंमत बघा, तुमच्या पँटी गुडघ्यांवर फाटतात. ही डाव्या कुल्ल्यावर झिजलीय, कापड पार जाळीसारखं झालंय." मी म्हटलं, दिवसभर बसून राहिल्यावर दुसरं काय होणार? तिने ठिगळ मात्र दुहेरी लावलं.

२९ मार्च

दुखणं सकाळी ०, दुपारी ५. लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

पाच आठवडे झाले, काही दुखत नव्हतं. घरात कोणी नव्हतं. न्हाणीघराच्या उंबऱ्याजवळ एक फरशी चालताना पोकळ वाजत होती, ती रोज कानात जायची. म्हटलं नुसतं खाली होऊन बोटाने ठोकून बघू. पट्टा काढला, झालो खाली. गुडघा काटकोनाच्या पुढे गेला आणि आत असं काही ओढलं गेलं की डोळ्यांपुढे काजवे. वर येता येईना. तासभर भिंतीला टेकून बसलो होतो, बायको आली तेव्हा.

तिने आधी उठवलं. मग बर्फ दिला. मग सुरू झाली. "नवीन फरशी वाळलेली दिसली म्हणून कोणी पाय ठेवला की तुम्ही त्याच्या सात पिढ्या काढता ना? वरून वाळलेलं दिसतं पण खालचं ओलं असतं म्हणून? आणि स्वतः काय केलंत?"

सूज आली आहे. टाका सुटला असेल तर सगळं मुसळ केरात. मग काढावीच लागेल, आणि हे पाच आठवडे फुकट. भीती वाटते आहे, खरं सांगायचं तर. परवा डॉक्टर.

३१ मार्च

डॉक्टरांनी वाकवून, फिरवून, दाबून बघितलं. टाका सुटलेला वाटत नाही, ताण आला आहे. नशीब. पट्टा आणखी दोन आठवडे वाढला. हेडमास्तरणीने फक्त फाइलवरचा लाल मजकूर बोटाने दाखवला.

बायकोने दादाला सांगितलं वाटतं. फोन आला. मला वाटलं ओरडेल. तर हळू आवाजात विचारलं, "अडकत तर नाही ना?" नाही म्हटलं. मग म्हणाला, "परत असं करू नकोस रे."

१८ एप्रिल

दुखणं १. पट्टा सुटला, एकच काठी.

वहिनीचा फोन. "भाऊजी, बर्फ किती वेळ ठेवायचा हो? पंधरा मिनिटं की वीस? आणि दोन्ही बाजूंनी ठेवला तर चालतो का?" मी म्हटलं, वहिनी, माझा बर्फ कधीच बंद झाला, आता व्यायाम आहेत. ती म्हणाली, "अगंबाई, हो का, बरं बरं." घरात माझी काळजी करणारं कोणी असेल तर ही एक. नवऱ्याने काही शिकावं तिच्याकडून. मी दादाला बोलाव म्हटलं तर म्हणे, "ते बसलेत."

आताही बसलेतच!

२४ एप्रिल

१. आज बायकोच्या दुकानात ग्रंथपाल बाई आल्या होत्या, पडदे घेऊन. म्हणाल्या, "काठ फार सुरेख चाललाय, मिस्टरांना सांगा." बायकोने मला सांगितलं आणि लगेच जीभ चावली.

काठ चाललाय! म्हणजे काम चालू आहे. म्हणजे माझा कागद, माझा हॉल, आणि माझ्या जागेवर कोणीतरी बसवलाय. सहा महिने शिवून घे म्हणे! मी काय दूधखुळा आहे? परवा जाऊन बघतोच. बायको म्हणाली, नका जाऊ. म्हणजे हिलाही माहीत आहे.

२६ एप्रिल

गेलो. बसने, काठी घेऊन. रस्ताभर मनात भांडण पाठ करत होतो, कुठून सुरू करायचं, काय काय सुनवायचं.

हॉलचं दार उघडं होतं. आत एकच माणूस. दादा. जमिनीवर.

डाव्या कुशीवर कलून बसला होता, उजवा पाय काठीसारखा सरळ पुढे. खाली आमच्या घरची निळी उशी. एका हाताने माल पसरायचा, फरशी ठेवायची, हातोड्याने ठोकायची, मग दोन्ही हात टेकून अंग एक फूट मागे ओढायचं, उशी ओढायची, परत तेच. कापायला उठायचं म्हटलं की खिडकीची चौकट धरून वर यायचा, कटरपर्यंत जायचा, कापून आणायचा, परत खाली. मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. तेवढ्यात त्याच्या तीन फरशा झाल्या. मी त्या वेळात बारा लावतो. भिंतीला माझा कागद चिकटवलेला, झालेल्या भागावर पेन्सिलीच्या खुणा. निम्म्याहून जास्त हॉल झाला होता. काठ माझ्या रेघेवर, केसभर इकडेतिकडे नाही.

भांडण कुठल्या कुठे गेलं. मी काठी टाकली आणि त्याच्या शेजारी खाली व्हायला लागलो.

"बसायचं नाही!"

रिकाम्या हॉलमध्ये दादाचा आवाज असा घुमला की वरच्या मजल्यावरच्या ग्रंथपाल बाई जिन्यात आल्या.

मी म्हटलं, "अरे, पण तू हे काय चालवलंयस?"

"काम."

"दुसरा बसता माणूस का नाही घेतलास?"

"घेतला असता तर तू सहाव्या आठवड्यात त्याला उठवायला आला असतास." हे खरं आहे. नववा संपताना आलोच होतो.

"मग मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर चौथ्यातच आला असतास."

फोनवर बसलोय म्हणायचा तो हे बसणं. आणि मला वाटलं चहा पीत बसलाय. सव्वीस वर्षं धंद्यात काढून मला हा शब्द कळला नाही, कारण तो दादाच्या तोंडी होता. खूप वाईट वाटलं. त्याला सवय नाही म्हणून असा वेडावाकडा बसतो, ते बघवेना. मी म्हटलं, निदान नीट गुडघ्यांवर बस की, कुशीवर कशाला, लवकर होईल. तो म्हणाला, "असंच बरं पडतं."

घरी येऊन बायकोला म्हटलं, तुला माहीत होतं. ती म्हणाली, "उशी बघितलीत ना? मग विचारता काय?"

२७ एप्रिल

हेडमास्तरणीला विचारलं, उभं राहून काम करू का? तिने तासांचा हिशेब घातला: रोज तीन तास, दर अर्ध्या तासाने बसून पाय लांब करायचा, खुर्चीवर बसून. मी म्हटलं खुर्चीवरच.

३० एप्रिल

दुखणं १. तीन दिवस मी उभा. पहिल्या दिवशी पाच फरशा फोडल्या. दादा खालून आकडा टाकतो, मी कापतो. मला वाटायचं कापणं म्हणजे हातगाडी ढकलणं. काठाचे तिरपे तुकडे तर हात थरथरला की गेलेच. दादा म्हणाला, "हात बसेल तुझा, अजून वीस-पंचवीस वर्षं आहेत." खालून हसतोय, आणि मी वर धुळीने पांढरा.

रोज संध्याकाळी तो खिडकी धरून उठतो तेव्हा मी हात द्यायला जातो. घेत नाही. काल घेतला.

१४ मे

हॉल झाला. बाईंनी चपला बाहेर काढून, अनवाणी चालून बघितलं. दुखणं ०.

१७ मे

बारा आठवडे. आज डॉक्टरांकडे दादा बरोबर आला, मी नको म्हणत असताना. डॉक्टरांनी माझा गुडघा वाकवला, फिरवला, एका पायावर उभं केलं. म्हणाले, टाका धरला आहे असं दिसतंय, छान. अजून तीन महिने बसायचं नाही, मग हळूहळू, आधी दिवसाला दहा मिनिटं. म्हणजे मी परत बसणार. त्यांना मिठी मारावीशी वाटली.

निघताना दादा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठला, आधी एक पाय, मग दुसरा. रोजचंच. डॉक्टर पेन खाली ठेवून बघत होते. म्हणाले, "तुमचा उजवा का?" दादा म्हणाला, "माझं जुनं आहे." पण त्यांनी सोडलं नाही, तिथल्या तिथे एक्सरे काढायला लावला.

दोन फोटो शेजारी शेजारी उजेडावर लावले. माझ्या सांध्यात दोन हाडांच्या मधे नीट फट दिसते, तिथे गादी असते. दादाच्या फोटोत फट नव्हती. हाड हाडावर टेकलेलं, कडा फुटून वाकड्या झालेल्या. दादा वाकून बारकाईने बघत होता, दुसऱ्याने केलेलं काम तपासावं तसा.

"सांधाच ठेवला नाही की हो," म्हणाला.

डॉक्टरांना कळलं नाही, मला कळलं. दोन फरशांमध्ये सांधा ठेवला नाही तर त्या एकमेकींना रेटतात आणि कडा उडतात, हे आम्ही गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी सांगतो.

"कधी काढली?" डॉक्टरांनी विचारलं.

"सत्तावीस वर्षं होतील."

"सगळी काढली?"

"सगळीच. शिवू म्हणाले होते, टाका धरेल असं होतं. पण पाच महिने घरी राहा म्हणाले. तेवढं जमणारं नव्हतं. मग म्हटलं काढा."

"आणि खाली बसायचं कधीपासून बंद झालं?"

"वर्षभर रेटलं. मग नाही जमलं."

डॉक्टर म्हणाले, आता शिवायला काही उरलेलं नाही, सांधा बदलायचा एवढंच. मी हॉलचं सांगून टाकलं, तर म्हणाले, आणि गेले तीन महिने तुम्ही जमिनीवर काम केलंत ते कोणाला विचारून? दादा म्हणाला, "हॉल होता." त्यांनी मला बाहेर थांबायला सांगितलं आणि त्याला बरंच काही सुनावलं, दारातून ऐकू येत होतं.

मी बाहेर बाकावर बसून मोजत होतो. सत्तावीस वर्षांपूर्वी मी एकोणीस. कोर्सचं पहिलं वर्ष, लागून तीन महिने झालेले. घरात कमावणारा एकटा दादा. तो पाच महिने घरी राहिला असता तर मला तेव्हाच परत यावं लागलं असतं. वर्षभर रेटलं म्हणतो. वर्षानंतर तो वसतिगृहावर आला होता. आता तू बस, मी कापतो.

मी त्याला कामचोर म्हणत आलो. बायकोसमोर, वहिनीसमोर, दोनदा तोंडावरही. तो ऐकून घ्यायचा आणि फरशी कापायचा. बाकावर बसल्या बसल्या मला रडू आलं, समोरची एक बाई उठून पलीकडे गेली.

दादा बाहेर आला, माझ्या शेजारी बसला, पाय लांब केला. मी म्हटलं, "आता बदलून घे." म्हणाला, "तू बसायला लाग, मग बघू." मी म्हटलं, ते नाही चालणार, मी उभा राहीन, दुसरा बसता माणूस घेऊ, तारीख मीच घेऊन येतो. त्याने एक्सरेचं पाकीट माझ्या हातात दिलं, म्हणजे कबूल.

मग मी विचारलं, "तेव्हा मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू कोर्स सोडून आला असतास."

"तो तर सुटलाच की रे."

"दीड वर्ष तरी झालं ना," दादा म्हणाला.